एक तरी काळा

बायकांच्या पोटात गोष्ट राहत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा या मठाच्या चॅप्टरमध्ये येऊन बसायला हवं होतं. अर्थात त्यांना कोणी बसू दिलं नसतंच. चॅप्टर म्हणजे मठातल्या कर्त्या सिस्टरांची बैठक. फार पूर्वी ही बैठक रोज सकाळी नियमाच्या पुस्तकातला एक धडा वाचून सुरू व्हायची, म्हणून बैठकीलाच धड्याचं नाव पडलं. कायमची व्रतं घेतली की तिथे खुर्ची मिळते, मत मिळतं, आणि खोलीत झालेलं खोलीबाहेर न्यायचं नाही अशी शपथही मिळते. शपथ इतकी कडक की शेजारच्या खुर्च्यांवर उभा जन्म काढलेल्या दोघीसुद्धा, कुणी कधी काय मत दिलं हे एकमेकींना न सांगताच मातीआड जातात.

खोली लांबलचक. खिडक्या इतक्या उंच की बाहेरचं फक्त आभाळ दिसावं. तिन्ही भिंतींना लागून पाठीच्या खुर्च्या, पन्नास तरी असतील. त्यातल्या सहांवर आता माणूस बसायचं. बाकीच्या रिकाम्या खुर्च्यांवर दर शनिवारी फडकं मारायचं काम धाकटीचं. ती फडकं मारायची, पण बसायची नाही. बसायचा हक्क तिला अजून मिळायचा होता.

मत द्यायची रीत साधी. प्रत्येकीला घेवड्याचे दोन दाणे, एक पांढरा, एक काळा. पांढरा म्हणजे हो. मधल्या टेबलावर एक लाकडी भांडं आणि शेजारी कापडी पिशवी. भांड्यात पडेल ते मत, उरलेला दाणा पिशवीत. मुठी मिटलेल्याच असतात, त्यामुळे कोणी काय टाकलं ते एका देवाला ठाऊक.

या घराची मात्र आणखी एक खोड होती. कोणाला कायमचं घरात घ्यायचं की नाही यावर कौल असला, की दाणे चॅप्टरने मोजायचे नाहीत. जिच्याबद्दल कौल, तिलाच आत बोलवायचं आणि तिनेच गुडघे टेकून ते भांडं पांढऱ्या कापडावर उपडं करायचं, सगळ्यांदेखत. आजवर जी जी आत आली तिने कापडावर पांढरे दाणे पाहिले, आणि त्यांत एक काळा. दर वेळी एकच.

हा काळा आक्काचा, असं सगळ्या धरून चालल्या होत्या. आक्का म्हणजे घरातली सगळ्यांत जुनी सिस्टर, जिच्यापुढे मठाच्या प्रमुख मदरसुद्धा आवाज चढवत नसत. आक्काने कधी कबूल केलं नाही, पण जेवणाच्या टेबलावर तिचं एक पालुपद असायचं. "सगळे पांढरे मिळाले की माणूस डोक्यावर चढून बसतं. गालबोट हवं. एक तरी काळा हवा. मग जन्मभर शोधत बसतो आपण, कोण गं ती? आणि त्या नादात सगळ्यांशीच नीट वागतो." यात तथ्य होतं. मदर स्वतः तरुणपणी कित्येक वर्षं शिवणवाल्या सिस्टरवर संशय धरून होत्या, आणि तिचं मन वळवायचं म्हणून पावाचा कडेचा मोठा तुकडा न चुकता तिच्या ताटात ठेवत होत्या. शिवणवालीला पावाची कड चावता यायची नाही. तीही बिचारी मदरांचं मन राखायला ती मुकाट्याने गिळत होती.

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. शेवटची दोन वर्षं अंथरुणावरच होती. तिला उचलणं, पुसणं, कुशीवर वळवणं, चमच्याने भरवणं, सगळं धाकटीने केलं. धाकटी म्हणजे काही पोर नव्हे, चाळिशीला टेकलेली बाई. पण घरात बाकी सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, मग ती धाकटीच. पूर्वी ती शाळेत भूगोल शिकवायची. इथे आल्यावर तिच्या वाट्याला भट्टीची खोली आली. हा मठ आसपासच्या सगळ्या चर्चना मिस्सात, म्हणजे उपासनेत, वाटायच्या पातळ भाकऱ्या करून पाठवायचा, आणि त्यावरच घर चालायचं. पीठ आणि पाणी, बाकी काही नाही. दोन तापल्या लोखंडी पाट्यांमध्ये पीठ ओतायचं, पाट्या मिटायच्या, कागदासारखा पातळ पापुद्रा काढायचा, दमट खोलीत ठेवून नरम करायचा आणि मग गोल चकत्या कापायच्या. नरम नाही झाला तर कापताना चुरा होतो. धाकटीच्या मनगटावर पाट्यांचे चटके एकाखाली एक उमटले होते.

नऊ वर्षं ती तात्पुरत्या व्रतांवर होती. त्याहून जास्त वाढवता येत नाहीत, तसा कायदाच आहे. आता एक तर कायमची व्रतं, नाही तर घरी. आणि हा प्रश्न तिच्या एकटीचा राहिला नव्हता. बिशपांच्या घरून आदल्या वर्षीच निरोप आला होता. एक तरी नवी सिस्टर कायमची झाली तर मठ चालू ठेवू. नाही झाली, तर घर मिटवायचा विचार करावा लागेल आणि म्हाताऱ्यांना दूरच्या मोठ्या मठात हलवावं लागेल. थोडक्यात, सहा म्हाताऱ्यांचं छप्पर त्या चटके पडलेल्या मनगटांवर उभं होतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर कोणाच्या मनात शंकाच नव्हती.

कौलाच्या दिवशी बैठकीला साक्षीदार म्हणून बिशपांच्या वतीने कॅनन फादर आले. बिशपांच्या मोठ्या चर्चचंही एक चॅप्टर असतं, म्हाताऱ्या फादरांचं. त्यातले हे एक. शिडशिडीत, सुकलेला माणूस, पण जीभ शाबूत. चहा घेताना म्हणाले, "आमच्या चॅप्टरला बिशप आधी निर्णय घेतात आणि मग सल्ला विचारतात. तुमचं तसं नाही. इथे तुम्ही जो दाणा टाकाल तो बिशपांनाही बदलता येत नाही. जपून टाका हो." सगळ्या हसल्या.

बाहेरच्या भेटीच्या खोलीत धाकटीचा भाऊ येऊन बसला होता. फुलं मावेनात म्हणून त्याने ती बादलीतच घालून आणली होती. कौल झाला की चॅपलची, म्हणजे मठातल्या प्रार्थनाघराची, घंटा वाजते, मग घरच्यांना आत घेतात, हे दारावरच्या सिस्टरने त्याला दोनदा समजावलं होतं.

सहाजणी एकेक करून टेबलाशी गेल्या. मदर, शिवणवाली, ऑर्गन वाजवणारी, दारावरची, बागेतली, आणि शेवटी स्वयंपाकघरातली सिस्टर. मदरांचा पाय टेबलाशी जरा अडखळला. दोन्ही मुठींत एकेक दाणा. पांढरा टाकायचं त्यांनी कधीच ठरवलं होतं. पण भांड्यावर हात नेला आणि आक्का आठवली. आक्का नाही, म्हणजे आज काळा कोणी टाकणार नाही. पोरीला सगळे पांढरे मिळणार. या घरात असं कधी झालं नाही. आक्काने दोन वर्षं तिच्या हातून घास घेतले, आणि तिच्याच कौलात आक्काची जागा रिकामी राहावी? बाकी पाच पांढरे आहेतच. एका काळ्याने काय बिघडतं? मदरांनी डावी मूठ उघडली. मनातल्या मनात म्हणाल्या, आक्का, हा तुझा.

परत येऊन बसल्या तेव्हा त्यांना फार बरं वाटत होतं.

धाकटीला बोलावलं. ती आली, गुडघे टेकले, सगळ्यांकडे पाहून जराशी हसली आणि भांडं उपडं केलं.

कापडावर सहा दाणे पडले. सहाही काळे.

धाकटीने भांडं परत उचलून आत पाहिलं, पांढरे तळाशी चिकटून राहिले असावेत तसं. आत बोट फिरवलं. मग भांडं हळूच टेबलावर ठेवलं, कापडाची चुरगळलेली कड नीट केली, वाकून नमस्कार केला आणि बाहेर गेली. दार तिने नेहमीसारखंच आवाज न करता लावलं.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं ते सांगायला नको, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. सहाही जणी आपापल्या एका काळ्या दाण्याकडे बघत होत्या, आणि उरलेल्या पाच काळ्यांनी प्रत्येकीचं रक्त उसळत होतं. मदरांना वाटलं, पाच वैरिणी मी या घरात पोसल्या. स्वयंपाकघरातली तर उभीच राहिली. "लाज नाही वाटली?" ती ओरडली. "आक्काचं गू-मूत काढलं तिने! कुणाकुणाचे आहेत हे, सांगा!"

"तू गप्प बस," शिवणवाली म्हणाली, "पांढरा टाकला असल्यासारखी बोलतेस."

"माझा आक्कासाठी होता!"

बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला. शपथ मोडली होती. पण आता कोणाचं लक्ष शपथेकडे नव्हतं. ऑर्गनवालीने मान खाली घातली. बागेतली, जिला धड ऐकूही येत नाही, तिलाही समजलं. दारावरची हळूच म्हणाली, "माझाही." मग शिवणवाली. मग मदर.

बागेतली सिस्टर हुंदके देऊ लागली. दुसऱ्या कोणाला रडूही येईना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, पण असल्या वेळी म्हणी कोणाच्या कामी येतात?

मदर कॅनन फादरांकडे वळल्या. "फादर, परत घ्या कौल. तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"मी काहीच ऐकलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पूर्वीसारखा राहिला नव्हता. "ऐकलं असं म्हटलं तर सहाजणींनी शपथ मोडली असं लिहावं लागेल. मदर, कायदा 'का' असं विचारत नाही. भांड्यात काय होतं एवढंच विचारतो." मग म्हणाले, "एक वाट आहे. तिने स्वतः पुन्हा मागितलं, तर संध्याकाळच्या प्रार्थनेआधी दुसरी बैठक घेता येईल. पण मागायला तिनेच हवं. तुम्हाला मागता येणार नाही."

मदर उठल्या. जाता जाता स्वयंपाकघरातलीने पिशवी त्यांच्या हातात कोंबली. "हे दाखवा तिला. उरलेले पांढरे आहेत सगळे. बघू दे तिला."

धाकटी भट्टीच्या खोलीत होती. डोक्यावरचं वस्त्र तिने काढून घडी घालून कट्ट्यावर ठेवलं होतं. केस बारीक, अधूनमधून पिकलेले. मदरांनी ते नऊ वर्षांत पाहिले नव्हते. ती पाट्यांमधून पापुद्रा सोडवत होती.

"अगं, हे काय करतेस?"

"सकाळी पीठ भिजवलं होतं, मदर. वाया गेलं असतं."

मदर स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. शपथ, नियम, पन्नास वर्षांचं मौन, काही शिल्लक ठेवलं नाही. आक्काचा दाणा, स्वतःचा दाणा, प्रत्येकीचा दाणा. धाकटी ऐकत होती आणि पाट्या उघडत, मिटत होती. शेवटी मदरांनी पिशवी कट्ट्यावर रिकामी केली. सहा पांढरे दाणे पिठात घरंगळले.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही," धाकटी म्हणाली. "म्हणजे हे खरंच आहे."

"खरं आहे गं बाळ. देवाशपथ खरं आहे. तू फक्त पुन्हा माग. फादर थांबलेत. आत्ता मागितलंस की आत्ता कौल."

तिने एक दाणा उचलून तळहातावर घेतला. "मदर, हे हातात राहिले. टाकले नाहीत."

"चूक झाली म्हणते ना मी!"

"सहाजणींना आक्काची आठवण आली."

"हो."

"माझी?"

मदर घाईघाईने म्हणाल्या, "तुझ्याबद्दल प्रश्नच नव्हता. तू आमचीच होतीस. तुझी सगळ्यांना इतकी खात्री होती, म्हणून तर..."

"मला माझी खात्री नव्हती," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "नऊ वर्षं रोज वाटायचं, आपण यांच्या कामाच्या आहोत म्हणून ठेवलंय. पीठ उचलायला कोणी हवं, आक्काला उचलायला कोणी हवं, घर चालू ठेवायला कोणी हवं. म्हटलं, त्या दिवशी कळेल. भांडं उलटं करीन आणि कळेल. सगळे नकोच होते मला, मदर. पाच काळे असते आणि एक पांढरा असता ना, तरी मी फादरांचे पाय धरले असते. त्या एकीसाठी."

"आता सहा मिळतील."

"मिळतील. तुम्हाला वाईट वाटलं म्हणून मिळतील. घर बुडेल म्हणून मिळतील." तिने डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "आणि मी तुमच्याबरोबर जेवायला बसेन, आणि रोज मला ते कापड दिसेल. तुम्हालाही दिसेल. नको, मदर."

मदरांनी तिचा हात धरला. मनगटावरच्या जुन्या चटक्यांवर त्यांचा अंगठा पडला, आणि इतकी वर्षं हे हात आपण एकदाही असे हातात घेतले नव्हते हे त्यांना तेव्हाच कळलं. कळून उपयोग नव्हता. धाकटीने दुसऱ्या हाताने पाट्यांचं बटण बंद केलं. "दमट खोलीतले पापुद्रे उद्या सकाळी कापा," ती म्हणाली. "उशीर केलात तर मऊ पडून फाटतील."

भेटीच्या खोलीत भाऊ उभाच होता. बहिणीला तसं उघड्या डोक्याने पाहून तो गोंधळला. "ताई, घंटा वाजलीच नाही गं. मला वाटलं दोर तुटला की काय."

"चल," ती म्हणाली.

"आणि फुलं?"

तिने बादलीकडे पाहिलं. "राहू देत इथे. चॅपलला होतील."

दारावरच्या सिस्टरने नऊ वर्षांपूर्वी तिला आत घेतलं होतं. आता कडी काढायला तिचा हात चालेना. धाकटीनेच कडी काढली, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत दारावरची उघड्या दारात उभी राहिली.

भट्टी आणखी काही आठवडे कशीबशी चालली. स्वयंपाकघरातली आणि शिवणवाली दोघी मिळून पाट्या उचलायच्या. पापुद्रे जाड यायचे, कापताना तुटायचे, आणि एकेका चर्चने मागणी बंद केली. धाकटीला पत्रं गेली. उत्तरं आली, थोडक्यात, प्रेमाची. तिला पुन्हा शाळेत नोकरी मिळाली होती. ती आक्काची कबर कोणी झाडतं का ते विचारायची, आणि दुसरं काही विचारायची नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कॅनन फादर परत आले. घर मिटवायचा प्रस्ताव आला होता, पण चॅप्टरची संमती घेतल्याशिवाय बिशपांनाही ते मिटवता येत नव्हतं. तेवढा एक हक्क अजून शिल्लक होता. बैठकीआधी फादरांनी मदरांना व्हरांड्यात गाठलं आणि इकडेतिकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले, "मी हे बोललो नाही असं समजा. एक काळा, एकच काळा पडला तरी मी जाऊन सांगेन की घरात विरोध आहे, घाई करू नका. वर्ष दोन वर्षं सहज काढून देईन. तेवढ्यात कोणी यायचं असेल तर येईल. तीच परत येईल, कोणी सांगावं?"

मदरांनी हे बाकीच्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. कोणी काही बोललं नाही, बोलायचं नसतंच.

पुन्हा दोन दोन दाणे, आज पांढरा म्हणजे घर मिटवायला हो. पुन्हा टेबल, भांडं, पिशवी. मदर पहिल्या गेल्या. डाव्या मुठीत काळा होता. तो टाकायचा होता, टाकायलाच हवा होता. पण त्या दाण्याचा तळव्याला स्पर्श झाला आणि त्यांना कापड दिसलं, भांड्याच्या तळाशी फिरणारं ते बोट दिसलं. मूठ उघडेना. त्यांना वाटलं, स्वयंपाकघरातली टाकेल. तिच्यात धमक आहे. ती नक्की टाकेल. मदरांनी पांढरा टाकला आणि खाली मान घालून जागेवर येऊन बसल्या.

एकेक जण गेली आणि परत आली. स्वयंपाकघरातली टेबलाशी सगळ्यांत जास्त वेळ उभी होती. मदर तिच्या पाठीकडे बघत देवाला विनवत होत्या.

या वेळी आत बोलवायला कोणी नव्हतं. मदरच उठल्या आणि त्यांनी भांडं उपडं केलं. कापड पांढरं, दाणे पांढरे, पटकन दिसलेही नाहीत. त्यांनी ते बोटाने बाजूबाजूला केले, परत जवळ घेतले, भांड्यात बघितलं, भांडं उलटं धरून बुडावर हाताने थापटलं. मग टेबलाखाली वाकून बघू लागल्या.

"मदर," कॅनन फादर म्हणाले, "काय शोधताय?"

त्या गुडघ्यांवर बसूनच फरशीवर हात फिरवत राहिल्या. "असेल हो," त्या म्हणत होत्या, "खाली पडला असेल. एक तरी असेल."